कातडी आवळते, पण किती?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत वजन उतरल्यावर लोंबणाऱ्या कातडीच्या एकाच तक्रारीची पत्रे इतकी निघाली की केस गळणे, टाचांच्या भेगा वगैरे नेहमीचे विषय पुढच्या महिन्यावर ढकलून सगळी जागा याच प्रश्नाला दिली आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून शाळेत शिकवते. दोन बाळंतपणांनंतर माझे वजन वाढत वाढत १०४ किलोंवर गेले आणि जवळजवळ चौदा वर्षे त्याच्याच आसपास राहिले. मधुमेहाची सुरुवात झाल्याचे कळल्यावर मी आहार बदलला, रोज सकाळी अंबाझरीच्या बाजूला चालायला जाऊ लागले आणि वीस महिन्यांत वजन ६६ किलोंवर आणले. साखर आटोक्यात आली, गुडघे दुखायचे थांबले; पण पोटाची कातडी झोळीसारखी लोंबते आणि फळ्यावर लिहिताना दंडाखाली जे हलते ते शेवटच्या बाकावरच्या मुलींनाही दिसत असणार असे सारखे वाटत राहते. शिंप्याने ब्लाउजच्या बाह्या दोनदा आवळून दिल्या, पण आतले काही आवळले नाही. वजन स्थिर होऊन सात महिने झाले आहेत. जाऊबाई म्हणतात, 'आधीच बरी दिसत होतीस, भरलेली.' ही कातडी पूर्ववत होईल का, किती दिवस वाट पाहायची, आणि वजन आणखी हळू उतरवले असते तर हे टळले असते का?
— एक शिक्षिका, प्रतापनगर

उत्तर : आपल्या कातडीचा काही भाग आतापर्यंत आवळला आहेच, आणखी थोडा आवळेल आणि उरलेला आवळणार नाही. 'पूर्ववत' हा शब्द मात्र मनातून काढून टाकावा लागेल. हे वाचून आपल्याला वाईट वाटेल हे मला ठाऊक आहे, पण 'धीर धरा, सगळे ठीक होईल' असे सांगून पाठवलेले रुग्ण दोन वर्षांनी रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन परत येतात, हेही मी नागपुरात धंतोलीतल्या माझ्या दवाखान्यात अनेकदा पाहिले आहे.

कातडी परत का येते आणि का येत नाही, हे तिच्या विणीवर ठरते. वरच्या पातळ थराखाली त्वचेचा जो जाड थर असतो त्यात दोन प्रकारचे धागे असतात. कोलॅजेनचे धागे दोरीसारखे चिवट असतात आणि कातडीला बळकटी देतात. कोरड्या वजनाने पाहिले तर या थराचा सर्वांत मोठा वाटा त्यांचाच असतो. इलॅस्टिनचे धागे प्रमाणाने अगदी थोडे असतात, पण ताणलेली कातडी सोडल्यावर जागेवर येते ती त्यांच्यामुळे. अडचण या दुसऱ्या धाग्यांची आहे. शरीर इलॅस्टिन तयार करते ते मुख्यतः जन्माच्या आगेमागे आणि बालपणात. त्यानंतर नवे, नीट काम देणारे इलॅस्टिन जवळजवळ तयार होत नाही आणि लहानपणी मिळालेला साठाच जन्मभर पुरवावा लागतो. वर्षानुवर्षे ताणात राहिलेले हे धागे तुटतात, विस्कटतात. खूप वजन उतरवलेल्या माणसांच्या कातडीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता कोलॅजेनचे धागे पातळ व अस्ताव्यस्त झालेले आणि इलॅस्टिनचे खराब झालेले दिसून आले आहेत. आपल्याकडच्या जुन्या घरांत सुतळीने विणलेली बाज असे. तिला झोळ पडला की पायथ्याची दोरी ओढून ती पुन्हा ताणता येत असे. कातडीला अशी पायथ्याची दोरी नाही.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वजन वाढताना कातडी नुसती ताणली जात नाही, ती खरोखर वाढते. सतत ताण मिळाला की त्वचेतील पेशी विभागून नवी त्वचा तयार करतात. प्लास्टिक सर्जन याच गुणाचा उपयोग करून घेतात : भाजल्याचा मोठा वण काढायचा असेल तेव्हा शेजारच्या चांगल्या कातडीखाली एक पिशवी बसवून तीत काही आठवडे थोडे थोडे सलाइन भरतात आणि अशी पिकवलेली जादा कातडी वणाच्या जागी ओढून घेतात. आपल्या पोटावर चौदा वर्षांत नेमके हेच झाले आहे. आतली चरबी गेली, पण तिच्यावर पांघरलेली कातडी आपल्याच शरीराची जिवंत, रक्त खेळते अशी कातडी आहे. आतली गरज संपली म्हणून शरीर ती विरघळवून टाकत नाही.

मग बाळंतपणानंतर पोट बऱ्यापैकी आत जाते ते कसे, असा प्रश्न आपल्यासारख्या दोन मुलांच्या आईला पडणे साहजिक आहे. तिथे ताण नऊ महिन्यांचा असतो, आणि त्यातलाही खरा ताण शेवटच्या काही महिन्यांचा. शिवाय वय बहुधा विशीतले किंवा तिशीतले असते. चौदा वर्षांच्या ताणाची त्याच्याशी तुलना होऊ शकत नाही. किती किलो उतरले, किती वर्षे ते अंगावर होते, उतरले तेव्हा वय काय होते आणि कातडी जन्मतः कशी मिळाली, या चार गोष्टींवर बरेचसे ठरते. तंबाखू आणि ऊन त्यात भर घालतात. दुचाकी चालवताना आपल्याकडच्या मुली दुपट्ट्याने तोंड आणि लांब मोज्यांनी हात झाकून घेतात त्याची बाहेरगावचे लोक थट्टा करतात, पण दंडाच्या कातडीसाठी त्याहून स्वस्त संरक्षण मला तरी माहीत नाही.

वाट किती पाहायची? वजन स्थिर झाल्यावर आवळण्याचा बराचसा भाग पहिल्या वर्ष-दीड वर्षात होतो, त्यानंतर तो मंदावतो आणि दोन वर्षांनंतर जे उरते ते बहुतांशी राहते. आपले सात महिने झाले आहेत, म्हणजे अजून काही फरक पडायला जागा आहे. चेहरा, मान आणि पाठ येथे तो आधी व अधिक दिसेल, तर बेंबीखालचे पोट, दंडाची मागची बाजू आणि मांडीची आतली बाजू येथे सर्वांत कमी. दर दोन महिन्यांनी एकाच जागी, एकाच उजेडात उभे राहून एक छायाचित्र काढून ठेवावे आणि मधल्या काळात आरशाला कौल मागू नये.

हळूहळू उतरवण्याच्या प्रश्नावर आपण स्वतःला उगाच दोष देत आहात. ३८ किलो वीस महिन्यांत म्हणजे महिन्याला दोन किलोंहूनही कमी. याला कोणताही डॉक्टर घाई म्हणणार नाही. उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवण्यात खरा तोटा असतो तो स्नायू झिजण्याचा, कारण स्नायू गेले की वरची कातडी आणखी रिकामी दिसते.

आता घरी करून पाहण्यासारखे काही सांगतो, कारण ज्याला आपण सैल कातडी म्हणतो ती पुष्कळदा नुसती कातडी नसते. आरशासमोर उभे राहून बेंबीखालची घडी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरावी आणि दुसऱ्या हाताच्या पंजाच्या मागची कातडी तशीच धरून पाहावी. पोटाची चिमूट जवळजवळ तेवढीच पातळ असेल तर ती केवळ कातडी. चिमटीत मऊ, जाडसर गर आल्यासारखे वाटत असेल तर आत अजून चरबी आहे. वजन उतरल्यावर उरलेली ही चरबी घट्ट नसते, ती कातडीला खाली ओढते आणि दोन्ही मिळून झोळी दिसते. ती अजून कमी होऊ शकते. बहुतेकांच्या चिमटीत दोन्हींचे मिश्रण येते आणि तसे आले तर ती चांगली बातमी समजावी.

यानंतर पलंगावर उताणे झोपून गुडघे वाकवावेत, डोके किंचित उचलावे आणि बेंबीच्या वर मध्यरेषेवर बोटे आडवी दाबावीत. दोन बाळंतपणांनंतर पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून दूर गेलेले असू शकतात. तसे असेल तर बोटे दोन स्नायूंच्या मधल्या खाचेत बुडतात किंवा तिथे उभा उंचवटा येतो. दोन बोटांपेक्षा अधिक रुंद खाच लागली तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे, कारण त्यासाठीचे व्यायाम वेगळे असतात आणि नेहमीच्या उठाबशांनी कधी कधी ते बिघडते. खोकताना बेंबीपाशी गोळा बाहेर येत असेल तर तो हर्निया असू शकतो आणि त्यासाठी सर्जनकडे जाण्यात दिरंगाई करू नये.

करण्यासारखे जे आहे ते साधे आहे. आठवड्यातून किमान दोन दिवस वजन उचलण्याचा किंवा रबरी पट्टा ताणण्याचा व्यायाम करावा. दंडाच्या मागचा स्नायू थोडा भरला की कातडीला आतून आधार मिळतो, जरी कातडी स्वतः कमी होत नसली तरी. चालणे चांगलेच आहे, पण त्याने दंड भरत नाहीत. प्रथिनांकडे लक्ष द्यावे. राष्ट्रीय पोषण संस्थेची प्रौढांसाठीची शिफारस दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम आहे. स्नायू टिकवायचे असतील तर ती साधारण एक ग्रॅमपर्यंत नेण्यास हरकत नाही, फक्त मधुमेहामुळे मूत्रपिंडावर परिणाम झालेला नाही ना, हे तपासून घ्यावे. पातळ वरणाच्या वाटीत प्रथिने असतात ती नावापुरती. १०० ग्रॅम बेसनात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे तेलाचा हात आवरून केलेला झुणका हा आपल्या घरातला उत्तम पदार्थ आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि दह्या-ताकात, पनीरमध्येही चांगला वाटा असतो.

जाऊबाईंबद्दल एवढेच : वजन परत वाढवून कातडी 'भरून' काढता येते, पण मधुमेहही परत येतो, आणि पुन्हा उतरवताना कातडी दुसऱ्यांदा ताणलेली असते. दंडाबाबत एक सुचवतो. कोपरापर्यंतच्या बाह्यांचे ब्लाउज शिवून घ्यावेत आणि शिंप्याला ते घट्ट न करता मापात करायला सांगावे, कारण आवळलेल्या बाहीच्या कडेखालीच कातडी जास्त ओघळलेली दिसते.

प्रश्न : वय २४, राहणार महाल. चौदा महिन्यांत ११८ किलोंवरून ८४ वर आलो. छाती आणि पोट सैल दिसते, त्यामुळे पोहायला जाणे सोडले आहे. जिममधल्या मित्राने कोलॅजेनची पावडर आणि एक महागडे क्रीम घ्यायला सांगितले आहे. पोटाला प्लास्टिक गुंडाळून पळावे असेही तो म्हणतो. आई रोज दोन संत्री खायला देते. यांतले खरे काय? (खर्रा कधीतरी खातो, आईला माहीत नाही.)

उत्तर : आपले वय आपल्या बाजूने आहे. चोविशीत कातडीचा ताठरपणा शाबूत असतो आणि वरच्या पत्रातल्या बाईंपेक्षा आपली कातडी कितीतरी अधिक आवळेल. वजन याच टप्प्यावर स्थिर ठेवून दीड वर्ष जाऊ द्यावे.

कोलॅजेनची पावडर पोटात गेली की इतर प्रथिनांप्रमाणेच पचून तिचे लहान तुकडे होतात आणि ते तुकडे पोटाच्या कातडीकडेच जावेत असा नियम शरीरात नाही. काही चाचण्यांत चेहऱ्याच्या कातडीचा ओलावा आणि लवचिकता यांत थोडी सुधारणा मोजली गेली आहे, पण ती बारीक सुरकुत्यांच्या पातळीवरची. लोंबणारी घडी त्याने वर जात नाही. क्रीममधल्या कोलॅजेनचा रेणू इतका मोठा असतो की तो कातडीच्या आत शिरतच नाही, वरच्या वर राहून मऊपणा तेवढा देतो. रेटिनॉइड गटातली औषधे उन्हाने खराब झालेल्या चेहऱ्याच्या कातडीत कोलॅजेन वाढवतात हे खरे आहे, परंतु तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि चेहऱ्यापुरते. मित्राने सुचवलेल्या क्रीमच्या किमतीत महिनाभर दूध-अंडी येतील.

प्लास्टिक गुंडाळून पळण्याने फक्त घाम जातो आणि पाणी प्यायल्यावर वजन परत येते. नागपुरात एप्रिल-मेमध्ये हा प्रकार करणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण आहे, आणि हे मी कळकळीने सांगतो.

आईची संत्री मात्र चालू ठेवावीत. कोलॅजेनचे धागे पक्के विणले जाण्यासाठी 'क' जीवनसत्त्व लागते. ते मिळाले नाही तर स्कर्व्ही होतो, हिरड्यांतून रक्त येते आणि जखमा भरत नाहीत. प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम लागते आणि दोन संत्र्यांत त्याचा बहुतेक वाटा निघतो. पण गरजेहून जास्त घेतल्याने कातडी जास्त घट्ट होत नाही, जादाचे लघवीवाटे निघून जाते. (नागपुरी संत्र्याची ख्याती तरी कशासाठी, तर साल सैल असल्यामुळे ते झटकन सोलता येते म्हणून; कातडी घट्ट करण्याचे काम आपण त्याच्यावरच सोपवावे, ही गंमतच आहे.)

छातीविषयी एक वेगळी गोष्ट तपासून घ्यावी. स्तनाग्राच्या खाली बोटांना रबरासारखी घट्ट चकती लागत असेल तर ती कातडी किंवा चरबी नसून स्तनग्रंथी असू शकते. लठ्ठपणात मुलांमध्ये ती वाढते आणि व्यायामाने जात नाही. त्यावर वेगळा, तुलनेने छोटा उपाय आहे, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे आणि मगच स्वतःच्या मेहनतीला नावे ठेवावीत.

आणि खर्रा. त्यातल्या तंबाखूचे निकोटिन कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणजे ज्या कातडीने सावरावे अशी आपली अपेक्षा आहे तिचाच रक्तपुरवठा आपण तोडत आहात. सुपारीचे काम आणखी विचित्र आहे : ती तोंडाच्या आतल्या अस्तरात कोलॅजेन साठवायला लावते, अस्तर ताठ होत जाते आणि शेवटी तोंडात दोन बोटेही मावत नाहीत. त्या रोगातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. पोटाला हवे असलेले कोलॅजेन गालात साठवण्याचा हा मार्ग सोडावा. आईला सांगायचे की नाही ते आपण ठरवा.

प्रश्न : वजन कमी करण्याच्या नव्या इंजेक्शनांनी कातडी लोंबते आणि चेहरा ओढल्यासारखा दिसतो असे ऐकले. ती घ्यावीत का?

उत्तर : इंजेक्शन कातडीला काही करत नाही, वजन उतरते, तेही थोड्या काळात पुष्कळ, आणि त्याचा परिणाम कातडीवर दिसतो. चेहऱ्यावरची चरबी गेली की गाल बसतात, मग ती चरबी उपासाने गेलेली असो, शस्त्रक्रियेने किंवा औषधाने. भूक मंदावल्याने माणसे अन्नच कमी खातात आणि त्यात प्रथिने सर्वांत आधी मागे पडतात, म्हणून औषध चालू असताना ताटातली डाळ, अंडी, दही आधी संपवावे आणि पोळी नंतर. औषध घ्यावे की नाही हे साखर, रक्तदाब, वजन आणि पूर्वीचे आजार पाहून आपल्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे. चेहऱ्याच्या भीतीने ते नाकारणे योग्य नाही आणि लग्नसराईसाठी ते घेणेही योग्य नाही.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा निवृत्त कर्मचारी आहे. बायपासनंतर ३० किलो वजन कमी केले. पोटाच्या लोंबत्या घडीखाली आणि जांघेत दर उन्हाळ्यात लाल चट्टे येतात, खाज सुटते, वास येतो. औषधाच्या दुकानातून आणलेल्या मलमाने दोन दिवसांत आराम पडतो, पण पुन्हा येते, आणि आता तिथे जांभळट रेघा दिसू लागल्या आहेत.

उत्तर : ते मलम आजच बंद करावे आणि ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, खासगीकडे जाणे शक्य नसेल तर मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांच्या त्वचाविभागात दाखवावे. आपण केलेल्या वर्णनावरून त्या मलमात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. बुरशीनाशक, जंतुनाशक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र केलेली अशी मलमे चिठ्ठीविना देऊ नयेत असा नियम असतानाही ती सर्रास मिळतात. स्टेरॉइडने लाली व खाज लगेच दबते, पण बुरशी आतून पसरत राहते, आणि घडीतली ओलसर, झाकलेली कातडी ते औषध जास्त शोषून घेते व पातळ होत जाते. त्या जांभळट रेघा म्हणजे कातडीच्या आतल्या थराला पडलेल्या चिरा आहेत. रंग फिका होईल, पण रेघा पुसल्या जाणार नाहीत. सैल कातडीवर पातळ कातडीची भर पडली असे झाले.

अंघोळीनंतर घडी उचलून आतली बाजू सुती कापडाने टिपून घ्यावी, घासू नये. पंख्याखाली दोन मिनिटे कोरडी होऊ द्यावी आणि दुपारी बाहेर पडायचे असेल तर घडीत मलमलच्या जुन्या धोतराची स्वच्छ पट्टी ठेवून ती घामाने भिजली की बदलावी. पावडरचे थर देऊ नयेत, घामात त्याच्या गुठळ्या होऊन त्या कातडीला घासतात. कूलरची हवा गार असली तरी दमट असते, म्हणून रात्रभर तिच्या थेट झोतात झोपूनही घडीतला ओलावा हटत नाही, हे आपल्याकडे ध्यानात ठेवावे लागते. त्रास वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. डॉक्टरांकडील प्रत्येक भेटीची आणि चट्ट्यांची नोंद कागदावर राहू द्यावी. पुढच्या पत्राच्या उत्तरात ती का उपयोगी पडते ते दिसेल.

प्रश्न : मी ३८ वर्षांची आहे. ४५ किलो वजन उतरवून तीन वर्षे झाली, पोट मांडीपर्यंत येते. आता शस्त्रक्रिया करायचे ठरवले आहे. घरचे म्हणतात की हे श्रीमंतांचे चोचले आहेत. शस्त्रक्रियेने खरोखर सुटका होते का? विमा मिळतो का? डॉक्टर कसा निवडावा?

उत्तर : तीन वर्षे झाली आहेत, वजन टिकले आहे आणि घडी मांडीपर्यंत येते, इतकी कातडी घालवणारा शस्त्रक्रियेखेरीज दुसरा उपाय नाही. रेडिओफ्रिक्वेन्सी आणि अल्ट्रासाऊंडच्या यंत्रांच्या जाहिराती शहरभर लागलेल्या असतात, पण ती यंत्रे किंचित सैलपणावर थोडाफार परिणाम दाखवतात; मांडीपर्यंत आलेल्या घडीवर त्यांचे सहा 'सेशन' म्हणजे पैशांचा अपव्यय आहे. चोचल्यांबद्दल म्हणाल, तर ज्या व्यक्तीला वाकून चप्पल घालताना पोट आधी उचलून बाजूला करावे लागते, तिच्यासाठी हा शब्द वापरणाऱ्यांनी ते एकदा करून पाहावे.

सुटका होते, पण तिच्या बदल्यात एक वण घ्यावा लागतो आणि तो जन्मभराचा असतो. पोटाच्या शस्त्रक्रियेत एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत, ओटीपोटाच्या खालच्या बाजूने आडवा छेद जातो, कातडी व चरबीचा मोठा पट्टा काढला जातो, दूर गेलेले स्नायू मधोमध शिवून घेतले जातात आणि बेंबीसाठी नव्या जागी भोक करून ती बाहेर काढली जाते. केवळ लोंबती घडी काढायची असेल तर स्नायू व बेंबी यांना हात न लावता छोटी शस्त्रक्रियाही करता येते. दंडाचा वण काखेपासून कोपरापर्यंत आतल्या बाजूने येतो आणि तो पोटाच्या वणासारखा साडीखाली लपत नाही, म्हणून दंडाबाबत घाई करू नये असे मी सांगतो. वण आधी लाल व उंच असतो, फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते, आणि ज्यांचे वण फुगतात त्यांनी ते सर्जनला आधीच सांगावे. आणखी मूल हवे असेल तर पोटाची शस्त्रक्रिया बाळंतपणानंतरच करावी.

गुंतागुंत कोणती होऊ शकते हे ज्या सर्जनने आपण होऊन सांगितले नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. कातडीखाली पाणी साचणे, जखमेची कडा काळी पडून उसवणे, जंतुसंसर्ग आणि पायातल्या शिरांत गाठ होऊन ती फुप्फुसाकडे जाणे, ही त्यांतली मुख्य. शेवटची टाळण्यासाठीच त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वाकून का होईना चालायला लावतात. तंबाखू कोणत्याही रूपात असेल तर किमान चार आठवडे आधीपासून पूर्ण बंद करावा लागतो. हिमोग्लोबिन आणि प्रथिने कमी असतील तर आधी ती भरून काढावी लागतात. वजन लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेने उतरवलेले असेल तर लोह आणि ब-१२ हमखास तपासावे. अनेक भागांची कातडी काढायची असेल तर ती एकाच दिवशी न काढता टप्प्याटप्प्याने काढणे अधिक सुरक्षित असते.

डॉक्टरांच्या नावापुढे प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत त्यांची नोंदणी आहे का, हे पाहावे. 'कॉस्मेटिक' हा शब्द पाटीवर कोणीही लिहू शकतो. रुग्णालयात भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असतात का आणि अतिदक्षता विभाग आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. आपल्यासारख्याच बांध्याच्या रुग्णांची आधीची व नंतरची छायाचित्रे पाहायला मागावीत, आणि त्यांत वण दिसतात ना हेही पाहावे.

विम्याबाबत फार आशा धरू नये. भारतातील आरोग्यविम्याच्या प्रमाणित अपवादांत, म्हणजे ज्यांचा खर्च विमा देत नाही अशा बाबींत, सौंदर्यासाठीची व प्लास्टिक शस्त्रक्रिया मोडते. त्यातून सूट मिळते ती अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला, आणि आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केले असेल तर. घडीखाली वारंवार होणारे चट्टे, भरत नसलेल्या जखमा, त्यांवर घेतलेले उपचार यांची तारखांसह कागदपत्रे असतील तर मागणी करून पाहता येते. मंजुरी लेखी हातात आल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये.

तारीख घेताना महिनाही विचारपूर्वक निवडावा. नंतर साधारण सहा आठवडे पोटाला घट्ट पट्टा बांधून राहावे लागते, पहिले काही दिवस कातडीखालून काढलेल्या नळ्या सोबत असतात आणि पाण्याची भरलेली बादली किंवा गॅसचे सिलिंडर उचलण्यास सक्त मनाई असते. हे सगळे नवतपाच्या कडक उन्हाळ्यात सोसण्यापेक्षा दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात करून घ्यावे, आणि घरातले पाणी त्या सहा आठवड्यांत कोण भरणार हे 'चोचले' म्हणणाऱ्यांपैकी एकाकडून आधीच कबूल करून घ्यावे.